मुलांच्या लसी किती वर्षं पुरतात आणि बूस्टर नेमका कशासाठी असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सव्वापाच वर्षांची. पहिल्या वर्षातले त्रिगुणी (डीपीटी: घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात), पोलिओ आणि हिपॅटायटिस बी यांचे तीन-तीन डोस वेळेवर झाले. एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला) एक डोस तेराव्या महिन्यात झाला. त्यानंतर दीड वर्षाचा बूस्टर राहून गेला आणि पुढे काहीच झालं नाही. मध्यंतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी तपासली, ती ६ आली. रिपोर्टवर १० च्या खाली ‘संरक्षण नाही’ असं छापलेलं आहे. तर आता सगळं पहिल्यापासून करायचं का? आणि पाच वर्षांत लसीचा असर संपत असेल तर आधीच्या डोसांचा उपयोग काय झाला?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. पहिल्यापासून काहीही करायचं नाही. झालेले डोस कितीही जुने असले तरी ते मोजले जातात. मुलगी निरोगी असेल आणि आईला हिपॅटायटिस बी नसेल, तर त्या ६ च्या आकड्यासाठी काही करावं लागत नाही. त्रिगुणीचा राहिलेला बूस्टर मात्र या आठवड्यातच घ्या, आणि त्याच भेटीत एमएमआरचा दुसरा डोस व पोलिओचा डोस. एकाच मुलीच्या एका लसीला ‘काही नको’ आणि दुसरीला ‘उशीर नको’ असं का, हे कळलं की बूस्टरबद्दलचा बहुतेक गोंधळ मिटतो. म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

लस टोचली की तिच्यातला अंश जवळच्या लसिका ग्रंथीत पोहोचतो, मांडीत टोचली असेल तर जांघेतल्या गाठींत. तिथे त्या जंतूला ओळखणाऱ्या थोड्या बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) निवडल्या जातात आणि भराभर वाढतात. पहिल्या एकदोन आठवड्यांत तयार होणाऱ्या अँटीबॉडी घाईच्या असतात. त्यांची पकड सैल असते आणि त्या बनवणाऱ्या बहुतेक पेशी काही दिवसांत मरतात. खरं काम त्यानंतर चालतं. गाठीत पेशींची पुन्हा पुन्हा चाळणी होते, घट्ट पकड असणाऱ्या टिकतात, बाकीच्या गळतात. ही चाळणी चार ते सहा महिने चालू राहते. तिच्यातून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात. एक, दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोड्या थोड्या अँटीबॉडी रक्तात सोडत राहतात. दुसऱ्या, स्मृतिपेशी. या स्वतः अँटीबॉडी सोडत नाहीत, पण जंतू पुन्हा दिसला की चार ते सात दिवसांत मोठं उत्पादन सुरू करतात.

रक्ततपासणीत फक्त पहिल्या प्रकाराचं काम दिसतं. स्मृतिपेशी नेहमीच्या कुठल्याही तपासणीत दिसत नाहीत. ‘६ आला म्हणजे संरक्षण संपलं’ हा समज इथूनच निघतो.

आता मुख्य मुद्दा. बूस्टर लागतो की नाही हे ठरतं एका शर्यतीवर: जंतू शरीरात शिरल्यापासून नुकसान करेपर्यंत लागणारा वेळ आणि स्मृतिपेशींना जागं व्हायला लागणारे चार ते सात दिवस. जंतू सावकाश असेल तर स्मृती पुरते. जंतू वेगवान असेल तर रक्तात तयार अँटीबॉडी हव्यातच, नुसती आठवण कामाची नाही.

हिपॅटायटिस बीचा विषाणू सावकाश आहे. संसर्गापासून आजार दिसेपर्यंत साधारण ६० ते १५० दिवस जातात. तेवढ्यात स्मृतिपेशी जाग्या होऊन काम संपवतात. त्यामुळे तान्हेपणी लस घेतलेल्या कितीतरी मुलांच्या अँटीबॉडी शाळेच्या वयात १० च्या खाली जातात, तरी ती मुलं विषाणूचे कायमचे वाहक होत नाहीत. अलास्कात लस घेतलेल्यांचा ३० वर्षं मागोवा घेतला गेला. दर दहापैकी किमान नऊ जणांत संरक्षणाचा पुरावा मिळाला, काहींत अँटीबॉडीच्या आकड्यातून तर काहींत एक डोस दिल्यावर आलेल्या उसळीतून. जागतिक आरोग्य संघटनाही निरोगी व्यक्तींना हिपॅटायटिस बीचा बूस्टर सुचवत नाही. १० मिली-एकक प्रति मिलिलिटर ही रेषा मुळात लसीचा कोर्स संपल्यावर एक ते दोन महिन्यांनी करायच्या तपासणीसाठी आहे. तेव्हा १० च्या वर गेलेला माणूस पुढे खाली आला तरी ‘प्रतिसाद दिलेला’च राहतो. पाच वर्षांनी त्याच रेषेने मोजलं की नाहक घाबरगुंडी उडते.

तरी मनात शंका राहत असेल, किंवा आईच्या हिपॅटायटिस बी तपासणीचा कागद सापडत नसेल, तर रास्त उपाय एकच: एक डोस द्या आणि चार ते आठ आठवड्यांनी अँटीबॉडी पुन्हा तपासा. आकडा शेकड्यांत उडाला तर स्मृती शाबूत होती हे सिद्ध झालं. १० च्या खालीच राहिला तर उरलेले दोन डोस देऊन कोर्स पुरा करायचा आणि पुन्हा तपासायचं. आई वाहक असेल तर मात्र हिशोबच वेगळा. त्या बाळांची तपासणी ९ ते १२ महिन्यांच्या वयात व्हायला हवी, आणि अँटीबॉडीबरोबर खुद्द विषाणूच्या पृष्ठभागाचं प्रतिजनही (एचबीएसएजी) तपासायला हवं. अशा घरातल्या मुलाची ती तपासणी राहिली असेल, तर ती आजच करा.

आता वेगवान जंतू. मेनिंगोकोकस हा मेंदूज्वराचा जंतू नाकाघशातून रक्तात शिरला की काही तासांत मूल अत्यवस्थ होऊ शकतं. हिबही असाच, मेंदूज्वर आणि घशाची जीवघेणी सूज आणणारा. यांच्यापुढे स्मृती हरते, आणि ब्रिटनला हा धडा प्रत्यक्षात मिळाला. तिथे १९९२ मध्ये हिबची लस २, ३ आणि ४ महिन्यांना, बूस्टरशिवाय सुरू झाली. सुरुवातीला आजार झपाट्याने घटला, पण १९९९ पासून रुग्ण पुन्हा वाढू लागले. २००३ मध्ये लहान मुलांसाठी बूस्टरची मोहीम घ्यावी लागली. १९९९ मध्ये आलेल्या मेनिंगोकोकस सी लसीचंही तेच झालं. तान्हेपणी तीन डोस घेतलेल्या बाळांचं संरक्षण वर्षभरात जवळजवळ नाहीसं झालं. या मुलांत स्मृतिपेशी होत्या, पण त्या पोहोचेपर्यंत उशीर होत होता. २००६ मध्ये दोन्ही लसींचा बूस्टर बाराव्या महिन्याला नेहमीच्या वेळापत्रकात आला. दुसऱ्या वर्षातला बूस्टर हा औपचारिकपणा नाही, तो यासाठी आहे.

धनुर्वातात शर्यत आणखी विचित्र आहे. इथे लढाई जंतूशी नसून त्याच्या विषाशी आहे. जीव घ्यायला पुरेसं विष इतकं सूक्ष्म असतं की त्याने स्मृतिपेशी जाग्याच होत नाहीत. म्हणून धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस द्यावी लागते. शिवाय जंतू मातीतून येतो, माणसाकडून नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तरी न घेतलेल्या मुलाला त्याचा काडीचा फायदा नाही. रक्तात अँटीबॉडी विशिष्ट पातळीच्या वर असणं एवढाच उपाय उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मांडलेला हिशोब सहा डोसांचा आहे: तान्हेपणी तीन, मग १२ ते २३ महिने, ४ ते ७ वर्षं आणि ९ ते १५ वर्षं अशा तीन वयोगटांत एकेक बूस्टर. दोन बूस्टरमध्ये शक्यतो किमान चार वर्षांचं अंतर.

घटसर्पाचं विष बंद करणारी लस त्याच सुईत असते आणि तीही हळूहळू उतरते. सोव्हिएत संघ कोसळताना लसीकरण ढिलं पडलं आणि १९९० च्या दशकात त्या देशांत दीड लाखाहून अधिक लोकांना घटसर्प झाला, पाच हजारांहून अधिक मेले. त्या साथीत प्रौढ रुग्ण मोठ्या संख्येने होते. बालपणीची लस उतरलेली, आणि जंतू दुर्मीळ झाल्याने नैसर्गिक उजळणीही थांबलेली. ‘आता घटसर्प कुठे दिसतो’ असं ऐकलं की मला ही साथ आठवते.

डांग्या खोकला हा या सगळ्यातला सर्वांत अवघड विषय आहे, आणि इथे लसीची बाजू कमकुवत आहे हे मान्य करायला हवं. जंतू श्वासनलिकेच्या आतल्या थरावर बसतो, रक्तात फारसा उतरत नाही. त्यामुळे रक्तातल्या अँटीबॉडी त्याला पूर्ण अडवू शकत नाहीत. किती अँटीबॉडी म्हणजे संरक्षण, याचा मान्य आकडाही नाही. म्हणून डांग्या खोकल्याची अँटीबॉडी तपासून बूस्टर ठरवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. १९९० च्या दशकात अनेक देशांनी संपूर्ण जंतूच्या लसीऐवजी निवडक अंशांची, म्हणजे ‘बिनदुखणारी’ म्हणून ओळखली जाणारी लस घेतली. ताप आणि रडारड कमी झाली, पण टिकाऊपणाही घटला. कॅलिफोर्नियातल्या २०१० च्या साथीनंतर झालेल्या अभ्यासात, या लसीचा पाचवा डोस झाल्यावर दर वर्षागणिक डांग्या खोकला होण्याची शक्यता सरासरी ४२ टक्क्यांनी वाढत गेलेली दिसली. बबून माकडांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं की निवडक अंशांच्या लसीने आजार टळतो, पण जंतू घशात घर करू शकतो आणि दुसऱ्याला लागूही शकतो. म्हणून बूस्टर वेळच्या वेळी हवा. म्हणूनच तान्ह्या बाळाला वाचवायचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे गरोदरपणात आईला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची मोठ्यांसाठीची लस) देणं. ब्रिटनने हे २०१२ मध्ये सुरू केलं आणि तीन महिन्यांखालच्या बाळांत सुमारे ९० टक्के परिणाम दिसला. प्रत्येक गरोदरपणात तो डोस पुन्हा घ्यावा लागतो, कारण आईच्या अँटीबॉडी उतरतात आणि बाळाला वारेतून ताज्या हव्यात.

आता गोवर. एमएमआरच्या दुसऱ्या डोसला सगळे बूस्टर म्हणतात, पण तो बूस्टर नाही. गोवरची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. ती लागू पडली तर एकाच डोसाने दशकानुदशकं पुरते. अडचण अशी की काही मुलांत ती लागूच पडत नाही. बाळाच्या रक्तात आईकडून आलेल्या अँटीबॉडी उरलेल्या असतील तर त्या लसीतल्या विषाणूलाच मारतात. म्हणून नवव्या महिन्यातला डोस साधारण ८५ टक्के मुलांत लागू पडतो, बाराव्या महिन्यानंतरचा ९३ ते ९५ टक्क्यांत. दुसरा डोस या राहिलेल्या मुलांसाठीची दुसरी संधी आहे. कोणाला लागू पडली आणि कोणाला नाही हे वरून ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच देतात. तुमची मुलगी त्या पाच-सात टक्क्यांत असेल, तर तिला आज गोवरापासून शून्य संरक्षण आहे. अर्धवट वगैरे काही नाही. घाई करायला सांगतो ती यासाठी. दुसरंही एक कारण आहे. २०१९ मधल्या एका अभ्यासात दिसलं की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या इतर जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडीतला ११ ते ७३ टक्के साठा पुसला गेला होता. म्हणजे गोवर येतो तो आधीच्या आठवणी घेऊन जातो.

गोवराची स्मृती किती टिकते याचं सर्वांत जुनं निरीक्षण फेरो बेटांवरचं आहे. तिथे १७८१ मध्ये गोवर आला, मग ६५ वर्षं आलाच नाही. १८४६ मध्ये परत आला तेव्हा पावणेआठ हजार वस्तीपैकी सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरने नोंदवलं की १७८१ मध्ये गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. ती आठवण लसीची नव्हे, आजाराची होती हे खरं. पण जिवंत विषाणूला शरीर कसं लक्षात ठेवतं ते त्यातून कळतं. २००७ मध्ये ४५ जणांच्या जुन्या-नव्या रक्तनमुन्यांची २६ वर्षांपर्यंतची तुलना प्रसिद्ध झाली. धनुर्वाताच्या अँटीबॉडी निम्म्या व्हायला ११ वर्षं लागतात आणि घटसर्पाच्या निम्म्या व्हायला १९, असा हिशोब निघाला. गोवराच्या बाबतीत उतार इतका मंद होता की माणसाच्या आयुष्यात तो जाणवूच नये.

हा फरक लसीच्या बनावटीतून येतो. जिवंत लस शरीरात काही दिवस वाढते, सगळ्या बाजूंनी चेतावते, म्हणून टिकते. धनुर्वात-घटसर्पाची लस म्हणजे निर्विष केलेलं प्रथिन. ते टोचल्या जागी अॅल्युमिनियमच्या क्षारावर धरून ठेवावं लागतं आणि अधूनमधून उजळणी लागते. एचपीव्हीच्या (गर्भाशयमुखाचा कर्करोग आणणाऱ्या विषाणूच्या) लसीत जिवंत काही नाही, पण तिचे कण विषाणूसारखेच एकसारख्या ठशांच्या रांगांनी मढलेले असतात. बी पेशींना असा ठसा फार भावतो. दोनेक वर्षांत अँटीबॉडी एका पातळीवर येऊन वर्षानुवर्षं तिथेच राहतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून ९ ते २० वर्षांच्या मुलींना एक किंवा दोन डोस पुरेसे मानले आहेत. याच्या उलट टोकाला नुसत्या शर्करेच्या लसी, जसं टायफॉइडची जुनी व्हीआय लस. दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर नुसत्या शर्करेला नीट प्रतिसाद देत नाही, स्मृतिपेशीही बनत नाहीत आणि दर तीन वर्षांनी टोचून घ्यावी लागते. तीच शर्करा प्रथिनाला जोडली की सहा महिन्यांच्या बाळालाही लागू पडते आणि जास्त टिकते. दोन्हींत निवड असेल तर जोडलेलीच घ्या.

बाकीच्या लसी भराभर सांगतो. कांजिण्यांचे दोन डोस हवेत, कारण एकाच डोसावर वर्गात साथ आली की काही मुलं सुटत नाहीत. गालगुंडाचं संरक्षण दोन डोसांनंतरही सुमारे ८८ टक्के असतं आणि मोठेपणी उतरतं. साथीत तिसरा डोस देतात. फ्लूची लस दरवर्षी, कारण विषाणू बदलतो आणि असरही महिन्यांत उतरतो. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्याच वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. रोटाव्हायरसला बूस्टर नाही. बीसीजीचा व्रण उठला नाही म्हणून पुन्हा बीसीजी देऊ नये. पीतज्वराची एक लस बहुतेकांना आयुष्यभर पुरते, आणि २०१६ पासून प्रवासाच्या प्रमाणपत्रालाही तेच मान्य आहे. रेबीजची लस आधी घेतलेल्या मुलाला कुत्रा चावला तरी दोन डोस, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, लागतातच. इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून दिलेल्या तयार अँटीबॉडी) मात्र लागत नाही.

अंतरांचा नियम एका वाक्यात: उशीर चालतो, घाई चालत नाही. प्राथमिक डोसांत किमान चार आठवडे, आणि शेवटच्या प्राथमिक डोसापासून बूस्टरपर्यंत किमान सहा महिने. गाठीतली चाळणी चार ते सहा महिने चालते हे वर सांगितलं. ती संपायच्या आत बूस्टर दिला तर अर्धवट चाळलेल्या पेशीच वाढतात. दोन जिवंत टोचायच्या लसी, जसं एमएमआर आणि कांजिण्या, एकाच दिवशी द्या, नाहीतर २८ दिवस थांबा. मध्येच दिली तर नंतरची लस मोजत नाहीत, ती पुन्हा द्यावी लागते.

कागदावर डोस आहे पण शरीरात नाही, असंही होतं. त्याचं सर्वांत मोठं कारण लस गोठणं. हिपॅटायटिस बी, त्रिगुणी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या. उन्हाची भीती सगळ्यांना असते, बर्फाची कुणाला नसते. पण या लसी एकदा गोठल्या की अॅल्युमिनियमच्या कणांचे गोळे होतात आणि लस निकामी होते. पुन्हा वितळल्यावर बाटली पाहिली तर नीट कळतही नाही. हलवून टेबलावर ठेवली की चांगल्या लसीचा गढूळपणा बराच वेळ टिकतो. गोठलेल्या लसीत कणीदार साका भराभर तळाशी बसतो आणि वर पाणी स्वच्छ होतं. दवाखान्यात लसींचे डबे फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून किंवा बर्फाच्या पाकिटांवर थेट ठेवलेले दिसले तर विचारायला संकोच करू नका. एमएमआरची गोष्ट उलट: गोठल्याने बिघडत नाही, पण द्रावक मिसळल्यावर सहा तासांत वापरावी लागते आणि उजेडापासून जपावी लागते. सकाळी उघडलेली बाटली संध्याकाळी टोचली जात असेल तर नवी मागा.

दुसरं कारण जागा. कुल्ल्यात दिलेल्या हिपॅटायटिस बीचा प्रतिसाद कमी येतो, कारण सुई स्नायूऐवजी चरबीत थांबते. तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मोठ्या मुलाला दंडावर, साधारण २५ मिलिमीटरची सुई. तिसरं, औषधं. मुलाला इम्युनोग्लोब्युलिन मिळालं असेल तर त्यातल्या उसन्या अँटीबॉडी गोवरची लस मारून टाकतात. कावासाकी आजारात (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा बालरोग) दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसानंतर ११ महिने थांबावं लागतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २ मिलिग्रॅम प्रति किलो किंवा २० मिलिग्रॅम असं १४ दिवस वा अधिक दिलं असेल, तर बंद केल्यावर किमान चार आठवडे जिवंत लस नको. दम्याच्या पंपाला हा नियम लागत नाही, पंप चालू असताना बिनधास्त द्या. चौथं, टोचण्याआधीच दिलेलं पॅरासिटॅमॉल. ताप येऊ नये म्हणून आधीच दिलं तर बाळांत अँटीबॉडी कमी बनल्याचं २००९ मध्ये दिसून आलं आहे. ताप आला तरच द्या.

‘पहिल्यापासून’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागू होतो तो अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलांना. तिथे आठवणीच नाहीशा होतात, म्हणून बाळासारखं नव्याने लसीकरण करतात. डायलिसिसवरच्या मुलांत हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी दरवर्षी तपासून १० च्या खाली गेली की बूस्टर देतात. प्लीहा काढलेली, एचआयव्ही असलेली किंवा कर्करोगाचे उपचार चाललेली मुलंही वर सांगितलेल्या सरळ हिशोबात बसत नाहीत. त्यांचं वेळापत्रक त्यांच्या तज्ज्ञाकडूनच आखून घ्या.

तर तुमच्या मुलीसाठी. पहिल्या भेटीत त्रिगुणीचा एक डोस. सातवा वाढदिवस व्हायच्या आत हवा, कारण सातनंतर बाळांची त्रिगुणी देत नाहीत. घटसर्पाचा भाग कमी केलेली टीडॅप किंवा टीडी द्यावी लागते. चार वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि तिसऱ्या डोसानंतर किमान सहा महिन्यांनी हा चौथा डोस पडत असल्याने अनेक वेळापत्रकांत लगेच पाचव्याची गरज राहत नाही. त्याच भेटीत पोलिओचं टोचायचं इंजेक्शन आणि एमएमआर. कांजिण्यांची लस झालेली नसेल आणि कांजिण्याही होऊन गेल्या नसतील, तर तीही त्याच दिवशी आणि दुसरा डोस तीन महिन्यांनी. चार सुया ऐकून दचकू नका. दोन्ही दंड आणि दोन्ही मांड्या वापरता येतात. एकाच जागी दोन द्यायच्या झाल्या तर २५ मिलिमीटरचं अंतर ठेवायचं. एकत्र दिल्याने कुठलीही लस कमजोर पडत नाही. हिब आणि न्यूमोकोकस राहिल्या असतील तरी पाच वर्षांवरच्या निरोगी मुलाला सहसा लागत नाहीत. पुढचा बूस्टर दहाव्या वर्षी टीडॅप, त्यानंतर पंधरा-सोळाला टीडी.

मधल्या काळात गुडघा फुटला की लगेच धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायची सवय सोडा. आता बूस्टर झाल्यावर स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षं आणि मातीने भरलेल्या किंवा खोल जखमेला पाच वर्षं वेगळं काही लागत नाही. वारंवार टोचलं तर दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजण्याची शक्यताच वाढते. इंजेक्शन द्यायची वेळ आलीच तर नुसत्या टीटीऐवजी टीडी मागा, घटसर्पाचीही उजळणी होते.

चौथ्या-पाचव्या डोसानंतर काही मुलांचा अख्खा दंड किंवा मांडी सुजते, लाल होते, गरम लागते. एकदोन दिवसांत सुरू होते, आठवड्याच्या आत आपोआप उतरते. मूल खेळत असेल आणि फारसा ताप नसेल तर ते गळू नाही, प्रतिजैविक लागत नाही. गार ओलं फडकं ठेवा, चोळू नका. ताप किंवा दुखणं असेल तर पॅरासिटॅमॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे १८ किलोच्या मुलीला २७० मिलिग्रॅम, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरपच्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचूनच मोजा, कारण बाटलीगणिक ते बदलतं. एमएमआरचा ताप वेगळा असतो: सात ते बारा दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळासह, आणि दोन दिवसांत जातो.

कार्डावर प्रत्येक लसीपुढे तारीख, कंपनीचं नाव, बॅच क्रमांक आणि कुठल्या हाताला किंवा पायाला दिली ते तिथेच उभं राहून लिहून घ्या, मग कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. घर बदलताना कार्ड हरवलं तर ज्या डोसाची लेखी नोंद नाही तो सहसा न झालेला धरतात आणि पुन्हा देतात.